ज्यू लोक सगळेच श्रीमंत असतात का? त्यांच्यात गरीब कुणी नसतंच का?

असतात की, आणि ते बघायला फार लांब जायला नको.

ज्यू श्रीमंतच, असं म्हणताना लोक ससूनांचं उदाहरण देतात. ससून डॉक, पुण्याचं ससून हॉस्पिटल, काळा घोड्याजवळचं डेव्हिड ससून ग्रंथालय अशी नावं डोळ्यांसमोर असली की सगळी जमातच गब्बर वाटते. पण ससून बगदादी ज्यू, म्हणजे मूळचे बगदादकडचे, १८३० च्या दशकात मुंबईत आलेलं व्यापारी घराणं. खुद्द बगदाद्यांमध्येही त्यांच्या दानधर्मावर जगणारे लोक होतेच.

मी अलिबागकडचा. आमच्याकडचे ज्यू म्हणजे बेने इस्रायल. पेणकर, रोहेकर, दिवेकर, नवगावकर अशी त्यांची आडनावं. घाण्यावर तेल काढायचं आणि शनिवारी, म्हणजे ज्यू धर्मातल्या विश्रांतीच्या दिवशी, बैल सोडून ठेवायचे, म्हणून गावानं त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं. लोकांना त्यात श्रद्धा दिसते. मला आधी आठवड्यातली एक बुडालेली रोजंदारी दिसते. हातावर पोट असलेल्यानं ती पिढ्यान्‌पिढ्या सोसली.

अठराव्या शतकापासून ही मंडळी मुंबईला जाऊ लागली. पलटण, सुतारकाम, पुढे रेल्वे-पोस्टातली कारकुनी. काही जण ससूनांच्या गिरण्यांतही लागले. धर्म एकच, पण बगदादी त्यांना बरोबरीचं मानत नसत. सोयरीक तर दूरच. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८७५ मध्ये समाजातल्या मुलांसाठी शाळा काढली. माझगावची सर एली कदूरी शाळा ती हीच. (आज तिथे ज्यू मुलं शोधावी लागतील.)

१९४८ नंतर बरेच जण इस्रायलला गेले, ते बीरशेबा, डिमोना अशा वाळवंटातल्या गावांत. मुंबईत टेबलाशी बसून फायली हाताळलेल्या माणसांच्या वाट्याला तिथे अंगमेहनत आली. वर काळे म्हणून हिणवणंही. १९५२ मध्ये काही जण चक्क धरणं धरून भारतात परत आले!

आता भारतात चार-पाच हजारच उरलेत. घरातली तरणी माणसं तिकडे, म्हातारी इकडे. पेन्शन तुटपुंजी, औषधं महाग. अशांना मुंबईत ‘जॉइंट’ म्हणजे जेडीसी ही अमेरिकन ज्यू संस्था मदत करते. वरळीच्या ओआरटी या ज्यू शिक्षणसंस्थेनं अनेक तरुण मुलामुलींना हाताला काम मिळेल असं शिक्षण दिलं.