दानीएलाची दृष्टांतकथा कोठून वाचावी
बायबलमधील दानीएलाचा ग्रंथ हाती घेताना सातव्या अध्यायातील चार श्वापदांपासून आरंभ करू नये; आठवा अध्याय आधी वाचावा. तेथे दोन शिंगांचा मेंढा आणि पश्चिमेकडून जमिनीला पाय न लावता धावून येणारा बोकड दिसतो, आणि देवदूत गब्रीएल स्वतःच उलगडा करतो की मेंढा म्हणजे मेदी व पारसी राजे, तर बोकड म्हणजे यावान, अर्थात ग्रीस. (हा ‘यावान’ आपल्या ‘यवना’चाच भाऊबंद.) बोकडाचे मोठे शिंग मोडून चार उगवतात, ते अलेक्झांडरनंतर त्याच्या साम्राज्याच्या झालेल्या फाटाफुटीशी जुळते. सातव्यातील चौथे श्वापद मात्र निनावी आहे; ते कोणते राज्य हे सांगितलेले नाही. परंपरेने त्यात रोम पाहिले, परंतु इ. स. पू. १६७ मध्ये चौथ्या अँटिओकस या ग्रीक वंशाच्या राजाने यरुशलेमच्या मंदिराची केलेली विटंबना लक्षात घेता मला ग्रीक सत्ताच अधिक पटते.