अमूर्त मुद्राचित्रातील रेघ कशाचे प्रतीक असते?

अमूर्त मुद्राचित्रातील, म्हणजे ठशावरून कागदावर छापलेल्या चित्रातील, प्रतीके कशी ओळखावीत, आणि प्लेट (कोरलेला पत्रा) प्रेसमधून, म्हणजे छापयंत्रातून, गेल्यावर कलावंताच्या हाताची हालचाल चित्रात शिल्लक राहते का, असे आपण विचारले आहे. यातील दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी पंचवीस वर्षे देऊ पाहतो आहे.

महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षी मी जस्ताच्या पत्र्यावर ड्रायपॉइंटची, म्हणजे अणकुचीदार सुईने थेट धातू ओरखडून करायची, काही चित्रे केली होती. त्यांपैकी एकात वरून खाली येणारी एकच रेघ होती. मध्यावर सुई धातूत अडकली, मी मनगटाचा जोर लावला, आणि रेघेच्या कडेला धातूचा जाड कंगोरा उठला. छापताना त्या कंगोऱ्याने शाई धरून ठेवली आणि कागदावर मखमलीसारखा काळा पट्टा उतरला. परीक्षकांनी विचारले, ‘‘ही वीज की नदी?’’ ती रेघ आहे, असे मी सांगितले. गुण जेमतेम उत्तीर्ण होण्यापुरते पडले. त्यावर चित्रकला शाखेतला माझा मित्र म्हणाला की हाताचा जोर कॅनव्हासवर दिसतो, छापलेल्या कागदावर दिसतो तो यंत्राचा दाब.

हे मत मला तेव्हाही अडाणीपणाचे वाटले आणि आजही वाटते. मुद्राचित्रकार सोमनाथ होर यांची १९७० च्या दशकातील ‘वूंड्स’ (जखमा) ही मालिका पाहा. त्यांनी मातीच्या थरावर सुरीने घाव घातले, तापलेल्या सळईने चटके दिले, त्यावरून सिमेंटचा साचा घेतला आणि त्या साच्यात कागदाचा लगदा दाबला. शाईचा थेंबही नाही, पांढऱ्यावर पांढरे. हात कागदाच्या वाटेला गेलाच नाही, तरी सुरी कोठून शिरली आणि कोठे थबकली हे तिरप्या उजेडात स्पष्ट दिसते. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळातली माणसे रेखाटणाऱ्या या कलावंताला तेथे माणूस काढण्याचीही गरज भासली नाही. म्हणून माझा आग्रह असा, की प्रतीक शोधण्याआधी कागद उजेडात तिरका धरावा आणि रेघ किती खोल गेली आहे ते पाहावे.

प्रतीके नसतातच, असे मात्र मी म्हणणार नाही. मुद्राचित्रकार झरिना हाश्मी यांच्या २००१ सालच्या ‘डिव्हायडिंग लाइन’ (विभाजनरेषा) या काष्ठछाप्यातील, म्हणजे लाकडी ठशावरून छापलेल्या चित्रातील, काळी रेघ म्हणजे भारत आणि पाकिस्तान यांमधील सीमा आहे, आणि ते ठाऊक नसेल तर चित्र निम्मेच हाती लागते. ती रेघ त्यांनी कोरलेली नाही. भोवतीचे लाकूड कोरून काढून तिला उभे ठेवले आहे. अशा चित्रापुढे परीक्षकांचा प्रश्न रास्तच ठरला असता.

मित्राच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. ड्रायपॉइंटचा कंगोरा प्रेसच्या दाबाखाली लवकर चेपतो, जस्तावर तर फारच लवकर. माझ्या त्या प्लेटच्या बाराव्या प्रतीत काळा पट्टा उरला नव्हता, फिकट राखाडी ओरखडा राहिला होता. आणि पहिल्या प्रती परीक्षेसाठी जमा झाल्यामुळे मित्राला मी दाखवली होती ती बारावीच.