काही चूक नसताना दिवसभर अपराधी वाटतं, ते कसं थांबवावं?

तुम्ही लिहिलंय की सासूबाईंसाठी दिवसा ब्युरोची बाई ठेवली आहे, जेवण-औषधं वेळच्या वेळी होतात, खुद्द सासूबाईंची काही तक्रार नाही. तरी ऐरोलीला ऑफिसात शिरल्यापासून घरी पोचेपर्यंत आपण काहीतरी गुन्हा करतोय असं वाटत राहतं. त्यात मोठ्या जाऊबाईंचा फोन येतो, "आम्ही नसतं बाई परक्याच्या हाती सोपवलं", आणि त्या रात्री तुम्हाला झोप नसते. तो जाऊबाईंचा भाग वाचला आणि उत्तर लिहायला घेतलं.

माझे बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीतून निवृत्त झालेले. आई गेल्यावर ते माझ्याकडे वर्तकनगरला राहायला आले. भाऊ पुण्याला. "मुलीकडे राहणार?" यावरून नातेवाइकांत जी कुजबुज व्हायची ती झालीच, पण बाबा माझ्याकडे खूश होते. एका रात्री त्यांनी मुगाची खिचडी खाल्ली, बीपीची गोळी घेतली, रोजच्यासारखं गॅसचं बटण बंद आहे का ते दोनदा बघितलं, दाराची कडी ओढून पाहिली आणि साडेदहाला झोपायला गेले. सकाळी सहाला मी चहा घेऊन गेले तर तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात उचलत नव्हता, आणि ते बोलायला गेले की नुसता आवाज येत होता.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी सगळ्यात आधी विचारलं, "यांना शेवटचं ठणठणीत कधी पाहिलंत?" मी म्हटलं, रात्री साडेदहाला. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि पक्षाघाताचा झटका झोपेत आला तर वेळ मोजतात ती माणूस शेवटचं बरं दिसलं तिथपासून. आमचे साडेसात तास उलटून गेले होते. मी त्यांच्या खोलीचं दार लोटलं त्याच्या कितीतरी आधी ती वेळ संपलेली होती.

आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर, सगळ्यांसमोर, आत्या म्हणाली, "रात्रीतून एकदा उठून बघितलं असतंस ना, तर आज ही वेळ आली नसती." भाऊ शेजारी उभा होता. तो गप्प.

ते वाक्य माझ्या डोक्यात घर करून बसलं. बाबा घरी आल्यावर मी रात्री एकचा आणि चारचा गजर लावायला लागले. उठायचं, त्यांच्या दारात उभं राहायचं, छाती वरखाली होतेय ना ते बघायचं. सकाळी ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्या उभ्या डुलक्या, ऑफिसात फोन वाजला की पोटात गोळा. एकदा पहाटे बाबा जागेच होते. बोलता येत नव्हतं. त्यांनी डावा हात उचलला, माझ्या खोलीकडे बोट दाखवलं आणि दोन वेळा हलवलं. जा, झोप. त्यांची एकदाही माझ्याबद्दल तक्रार नव्हती, तुमच्या सासूबाईंसारखीच.

शेवटी एका मैत्रिणीने मला नौपाड्यात एका समुपदेशक बाईंकडे नेलं. त्यांनी कागदावर मधोमध रेघ मारायला लावली. डावीकडे, रात्री साडेदहाला मला काय माहीत होतं. उजवीकडे, सकाळी सहानंतर मला काय कळलं. डावीकडे लिहिलं: खिचडी खाल्ली, गोळी घेतली, चालत खोलीत गेले. बाकी सगळं उजवीकडे. आत्याचं अख्खं वाक्यही उजवीकडे. सकाळी कळलेल्या गोष्टीसाठी तिने मला रात्रीची गुन्हेगार ठरवलं होतं.

हे फक्त आत्याच करते असं नाही, सगळ्यांचंच मन असं चालतं. बारूक फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने १९७५ च्या सुमाराला हे दाखवून दिलं. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष निक्सन १९७२ मध्ये चीन आणि रशियाला जाण्याआधी फिशहॉफने आणि त्याच्या सहकारी संशोधक बाईंनी विद्यार्थ्यांना विचारून ठेवलं, की तिथे अमुक घडण्याची शक्यता किती? दौरे झाल्यावर त्यांनाच विचारलं, की तेव्हा तुम्ही काय उत्तर दिलं होतं? जे घडलं होतं त्याला आपण आधीच जास्त शक्यता दिली होती, असं अनेकांना प्रामाणिकपणे आठवत होतं. निकाल कळला की तो आधीपासून दिसत होता असं वाटायला लागतं. आत्यालाही खरोखर तसंच वाटलं असणार. म्हणून ते खरं ठरत नाही.

तुमच्या बाबतीत तर काही वाईट घडलेलंही नाही. म्हणून स्वतःला सरळ विचारा: कुणाचं नेमकं काय नुकसान झालं, आणि ते टाळणं त्या वेळी माझ्या हातात होतं का? पहिल्याच प्रश्नाला उत्तर नसेल तर तिथेच थांबा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती, जी कि. मो. फडक्यांनी मराठी वाचकांपर्यंत आणली, तीही हाच मुद्दा पकडते. "मी घरी असते तर बरं झालं असतं" ही इच्छा आहे, ती ठेवा. "चांगल्या सुनेने घरी असायलाच हवं" हा हट्ट आहे, आणि दिवसभर छळतो तो हट्ट.

भावना मात्र लगेच जाणार नाही, डोक्याला पटल्यावरही बरेच दिवस येत राहते. ती आली म्हणून बाईला दिवसातून दहा फोन करू नका. माझे गजर मी एक-एक करून बंद केले, पहिल्या रात्री खूप जड गेलं.

आणि हेही सांगायला हवं: खरंच आपल्या हातून कुणाचं नुकसान झालं असेल तर हे सगळं लागू नाही, तिथे माफी मागून भरपाई करायची. शिवाय दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज मन खचलेलं असेल, झोप-भूक उडाली असेल, जगण्यात अर्थ नाही असं वाटत असेल, तर ते नैराश्य असू शकतं. असा अवाजवी अपराधीपणा त्याचंही लक्षण असतो. मग माझ्या उत्तरावर थांबू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास फुकट चालतो, मराठीतही बोलतात. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था आहे.

जाऊबाईंचं काय, तर माझं मत ऐका. जी माणसं रात्री उठत नाहीत, डायपर बदलत नाहीत, ब्युरोचे पैसे भरत नाहीत, त्यांना "आम्ही असतो तर" म्हणायचा हक्क नाही. भावाने असंच काहीसं फोनवर ऐकवलं तेव्हा मी त्याला म्हटलं, "दादा, दिवाळीनंतर बाबांना महिनाभर पुण्याला ने, गोळ्यांची यादी आणि फिजिओच्या व्यायामाचा कागद देते." तो "बघतो" म्हणाला. बघणं अजून चालू आहे, पण त्यानंतर एकही उपदेश आला नाही. जाऊबाईंचा पुढचा फोन आला की तुम्हीही त्यांना तारीख विचारा.