मिरगाआधी ड्रायर घ्यावा का?

ताई, नमस्कार.

मालवणजवळचा तुमचा तीन खोल्यांचा होमस्टे, नवऱ्याची मच्छीमारी, घरात सासूबाई आणि सव्वा वर्षाचं बाळ. गेल्या पावसात कपड्यांना कुबट वास यायचा, चादरींवर काळे ठिपके पडले, म्हणून 62,000 रुपयांचा हीट पंप ड्रायर (कमी विजेत कपडे वाळवणारं यंत्र) 12 बिनव्याजी हप्त्यांवर घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. मी सांगेन, यंदा घेऊ नका. त्रास खोटा आहे म्हणून नव्हे, दमट कपड्यांनी बाळाच्या अंगावर पुरळ उठतो, तो काही लहानसहान विषय नाही. पण हप्ते नेमके कधी सुरू होतात ते बघा.

पहिला 5,167 रुपयांचा हप्ता जूनमध्ये. यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी 1 जून ते 31 जुलै. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या आणि वॉटर स्पोर्ट्सही मे अखेरीस बंद होतात ते ऑगस्ट संपेपर्यंत, म्हणजे पाहुणेही तुरळक. घरातली दोन्ही उत्पन्नं एकाच वेळी आटतात आणि तेव्हाच नवा हप्ता चालू होतो. तुमची एफडी 1,40,000 रुपयांची, महिन्याचा खर्च 28,000. म्हणजे पाच महिन्यांची शिदोरी. त्यातून 62,000 गेले तर तीन महिनेही धड निघत नाहीत. पावसाळ्यात होडीच्या इंजिनाने काम काढलं, छपराची कौलं उडाली, तर हात कुठे घालणार? हप्ता बिनव्याजी असला तरी ही जोखीम फुकट नाही.

आता विजेचं. एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण 0.63 युनिट ऊर्जा लागते. एका घाण्यात, म्हणजे एका वेळी यंत्रात घातलेल्या कपड्यांत, चार लिटर पाणी उरलं असेल तर साध्या ड्रायरला अडीच युनिटांच्या खाली जमतच नाही, प्रत्यक्षात तीन-साडेतीन जातात. हीट पंपवाला त्याच्या निम्म्यात भागवतो, त्याबाबतीत तुमची निवड बरोबर आहे. मी 1.8 युनिट धरले. चार महिने एक दिवसाआड घरचा एक घाणा, म्हणजे 60, आणि गणपतीतले 10 मिळून 70. तुमच्या बिलावरून सगळे आकार धरून शेवटचं युनिट 14 रुपयांना पडतं, म्हणजे वर्षाला 1,764 रुपये. वीज परवडते हो. भारी पडतं ते यंत्रच. आठ वर्षं टिकलं असं धरलं तर वर्षाला 7,750 रुपये झीज, शिवाय एफडीवरचं साडेसहा टक्क्यांनी बुडालेलं 4,030 रुपये व्याज. एका घाण्याला सुमारे 193 रुपये! आणि खाऱ्या हवेत ते आठ वर्षं चालेल याची खात्री मी देणार नाही. शिवाय झडीत वीज जाते, तेव्हा यंत्रही बसून राहतं.

बाकीचे आठ महिने, जेव्हा पाहुणे खरोखर असतात, खळ्यातल्या दोरीवर चादर दोन-तीन तासांत कडक वाळते. त्या उन्हाला मीटर नाही.

म्हणून पैसे मागच्या पडवीत घाला. लोखंडी काम करणाऱ्याने तुम्हाला पारदर्शक पत्र्याच्या शेडचे 18,000 सांगितलेत, ते द्या, पण हप्त्याने नको, मे महिन्याच्या कमाईतून. पाऊस नैऋत्येकडून तिरका येतो, तेव्हा ती बाजू झापांनी किंवा जाळीने बंद करा आणि उरलेल्या बाजू वाऱ्याला मोकळ्या ठेवा. साधी लोखंडी तार नको, गंजाचे डाग चादरीवर उतरतात. स्टेनलेस स्टीलची तार किंवा नायलॉनची दोरी बांधा, कपड्यांत वीतभर अंतर राखा. 30 वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा दहा तास फिरवला तर 0.3 युनिट जातं, चार-साडेचार रुपये. झडीत चादरीला दीड दिवसही लागेल, हे मान्य करूनच चाला, आणि त्यासाठी प्रत्येक खोलीला चादरींचा एक जोड जास्त ठेवा. मशीनचा स्पिन सर्वांत वरच्या वेगावर लावा. पिळून काढलेलं पाणी वाफवलेल्या पाण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. बाळाचे कपडे अर्धवट सुकले की इस्त्री फिरवा, हजार वॅटच्या इस्त्रीला दहा मिनिटांत 0.17 युनिट पुरतं.

गणपतीत मात्र घर चाकरमान्यांनी भरतं, त्याचं काय, असं तुम्ही म्हणाल. कणकवलीच्या लाँड्रीचा चादरीमागे 30 रुपये दर तुम्हीच कळवलाय. 40 चादरी दिल्या तरी 1,200 रुपये. तेवढं खुशाल खर्च करा, त्या दिवसांत सासूबाईंनी आणि तुम्ही दोऱ्यांखाली उभं राहू नये.

कॅलेंडरवर यंदा किती घाणे वाळलेच नाहीत त्याच्या खुणा करा. पावसाळाभर 30 पेक्षा जास्त निघाल्या, तर दिवाळीनंतर, हंगामाचे पैसे हातात आल्यावर, ड्रायर रोखीने घ्या. त्या वेळी मी नको म्हणणार नाही. तोवर एफडीला हात लावू नका, आणि शेड मिरगाच्या आधी उभी राहील एवढं बघा.