जैविक शस्त्रबंदी करार : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : प्रयोगशाळेत एखादा विषाणू मुद्दाम अधिक संसर्गजन्य बनवला, तर आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग होतो का?

उत्तर : तेवढ्यावरून नाही. १९७५ पासून लागू असलेल्या जैविक शस्त्रबंदी करारात ना जंतूंची यादी आहे, ना प्रयोगांची. कलम १ हेतू पाहते. रोगप्रतिबंध, संरक्षण किंवा इतर शांततामय कामासाठी ज्यांचे समर्थन करता येत नाही, अशा प्रकारचे किंवा तेवढ्या प्रमाणात जंतू व विषे बनवणे, साठवणे, बाळगणे निषिद्ध आहे. शब्द मुद्दाम व्यापक ठेवले आहेत. म्हणूनच करार झाला तेव्हा कोणाच्या ध्यानीमनी नसलेले जंतूही त्यात येतात. मात्र संशोधनासाठी, चांगल्या हेतूने केलेला धोकादायक प्रयोग त्यातून सुटतो.

मग त्यावर लगाम उरतो तो त्या त्या देशाच्या कायद्याचा. २०११ मध्ये रॉटरडॅमच्या संशोधकांनी एच५एन१ बर्ड फ्लूचा विषाणू फेरेट या प्राण्यांत हवेतून पसरेल असा बदलल्याचे उघड झाले. तेव्हा डच सरकारने बोट ठेवले ते शोधनिबंधावर. हस्तलिखित अमेरिकेतील नियतकालिकाला पाठवणे ही निर्यातच आहे, सबब परवाना घ्या, असे सांगितले. एप्रिल २०१२ मध्ये परवाना मिळाला, जूनमध्ये निबंध छापून आला. विषाणू मात्र केव्हाच तयार झाला होता! अशी छाननी निधी मंजूर होण्याआधी, प्रयोगाचा आराखडा कागदावर असतानाच व्हायला हवी.

प्रश्न : एखाद्या देशावर संशय आला, तर तपासणी कोण करतो?

उत्तर : रासायनिक शस्त्रांसाठी हेगमध्ये तपासनीस असलेली संस्था आहे. जैविक शस्त्रांसाठी मात्र जिनिव्हात फक्त एक छोटा सहाय्य कक्ष आहे, त्याला तपासणीचा अधिकार नाही. तपासणीच्या मसुद्यावरील वाटाघाटी २००१ मध्ये अमेरिकेच्या नकारानंतर कोसळल्या. अडचण तांत्रिकही आहे. ज्या फर्मेंटरमध्ये (जंतू वाढवण्याच्या टाकीत) लस बनते त्यातच घातक जंतूही वाढवता येतात, आणि साठा नष्ट केला तरी एका कुपीतून तो पुन्हा उभा राहतो. रसायनांसारखा टनांचा हिशेब इथे लागत नाही.

सदस्य देशांनी दरवर्षी १५ एप्रिलपर्यंत आपल्या प्रयोगशाळा व संशोधनाच्या माहितीचे तक्ते पाठवायचे असतात. अनेक देश ते पाठवत नाहीत. जे येतात ते पडताळण्याचीही सोय नाही.

तक्रार असेल तर आधी कलम ५ खाली सल्लामसलत, मग कलम ६ खाली सुरक्षा परिषद. हे कलम ६ पहिल्यांदा रशियाने २०२२ मध्ये वापरले. त्याने मांडलेल्या चौकशीच्या ठरावाच्या बाजूने २, विरोधात ३ मते पडली, १० देश तटस्थ राहिले, आणि ठराव फेटाळला गेला. शिवाय परिषदेत नकाराधिकार असल्याने पाच बड्या देशांविरुद्ध हा रस्ता जवळपास बंदच आहे.

संयुक्त राष्ट्रांचे महासचिव कोणत्याही सदस्य देशाच्या विनंतीवरून पथक नेमू शकतात, पण फक्त शस्त्र वापरल्याचा आरोप असेल तर. बनवल्याचा असेल तर नाही. १९७९ मध्ये सोव्हिएत संघातील स्वेर्दलोव्स्क शहराच्या लष्करी केंद्रातून अँथ्रॅक्सचे बीजाणू बाहेर पडून किमान ६६ माणसे दगावली. सोव्हिएत सरकार दूषित मांसाकडे बोट दाखवत राहिले आणि कबुली थेट १९९२ मध्ये आली. अशी गळती 'वापर' ठरत नाही, त्यामुळे त्या देशाने स्वतः दार उघडल्याखेरीज आजही बाहेरचे तपासनीस तिथे पोचू शकणार नाहीत.