जुन्या अ‍ॅक्सेस फाईलमधल्या क्वेऱ्या आणि मॅक्रोची नोंद कशी करायची?

भाऊ, तुम्ही म्हणताय जिनिंगची जुनी अ‍ॅक्सेस फाईल (मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्रॅमची) अंगावर आलीय, बनवणारा निघून गेला आणि कुठली क्वेरी (टेबलातला डेटा काढणारी किंवा बदलणारी साठवलेली आज्ञा) काय करते ते कोणालाच माहीत नाही. पहिले फाईलची कॉपी करा आणि जे काय करायचं ते कॉपीवरच. उघडताना शिफ्ट दाबून धरा म्हणजे ऑटोएक्झेक मॅक्रो, म्हणजे फाईल उघडताच चालणारी ठरलेल्या कामांची यादी, आपोआप चालत नाही.

क्वेरीवर डबल क्लिक अजिबात नको, डबल क्लिकने ती चालते; राईट क्लिक करून डिझाईन व्ह्यूच, त्यात नुसती रचना दिसते. मी चाळीसगावला एका व्यापाऱ्याकडे "क्वेरी१७ फायनल" अशीच उघडली, ती निघाली डिलीट क्वेरी, वॉर्निंग बंद होत्या त्यामुळे काही विचारलंच नाही आणि मागच्या सीझनची कापसाची सगळी वजनं गेली, बॅकअप होता म्हणून वाचलो.

मग डेटाबेस टूल्समध्ये डेटाबेस डॉक्युमेंटर आहे, त्यात क्वेऱ्या निवडा, ऑप्शन्समध्ये एसक्यूएल (क्वेरीची लिहिलेली आज्ञा) ठेवा, सगळं एका रिपोर्टमध्ये येतं. पण पानं फार होतात, म्हणून मी एक्सेलमध्ये वेगळी यादी ठेवतो: नाव, कुठल्या टेबलातून घेते, कुठे लिहिते, कोण बोलावतं. ऑब्जेक्ट डिपेंडन्सीज (कोण कोणावर अवलंबून ते दाखवणारी यादी) बघा, फक्त त्यात मॅक्रो आणि व्हीबीए (अ‍ॅक्सेसमधली प्रोग्रॅमिंगची भाषा) कोडमधले संबंध दिसत नाहीत, ते हातानेच शोधावे लागतात. मॅक्रो डिझाईनमध्ये उघडून कन्व्हर्ट टू व्हिज्युअल बेसिक केलं की कोड सलग वाचता येतो.

आणि वजनकाट्यावर बसणाऱ्या माणसाला विचारा हो, कुठलं बटण कधी दाबतात ते त्यालाच पक्कं माहीत असतं.