गुडविलची ओळ वाचताना

प्रिय,

दुसरी कंपनी विकत घेतल्यावर घेणाऱ्या कंपनीची कामगिरी खरंच सुधारली का, हे कसं ओळखायचं, असं तू विचारलंस. आधी ताळेबंदातल्या गुडविलपाशी थांब. बरेच जण ती ओळ ओलांडून थेट नफ्याकडे जातात आणि तिथेच फसतात.

समज, एक कंपनी १,००० कोटींना घेतली. देणी वजा जाता तिची मालमत्ता वाजवी मूल्याने ६०० कोटींची भरली. ब्रँड, पेटंट, ग्राहकांशी असलेले करार त्यातच धरले. वरचे ४०० कोटी म्हणजे गुडविल. हा व्यवसाय वर्षाला ६० कोटी कमावतो, म्हणजे मोजलेल्या किमतीवर परतावा ६ टक्के. आयएफआरएस या आंतरराष्ट्रीय हिशेब मानकांनुसार गुडविल दरवर्षी थोडंथोडं कमी करत नाहीत, वर्षातून किमान एकदा इम्पेअरमेंटची चाचणी घेतात, म्हणजे घेतलेल्या व्यवसायाचं मूल्य पुस्तकी किमतीखाली घसरलंय का ते पाहतात. जपानी मानकांनुसार ते जास्तीत जास्त २० वर्षांत संपवावं लागतं, म्हणजे इथे दरसाल निदान २० कोटी नफ्यातून जाणार. धंदा तोच, पण एकीकडे नफा ६० कोटी आणि दुसरीकडे ४०.

आता त्यातलं ३०० कोटींचं गुडविल कंपनीने एकदम राइट ऑफ केलं, म्हणजे तोटा दाखवून पुस्तकातून काढून टाकलं, असं धर. त्या वर्षी मोठा तोटा दिसेल. पण पुढच्या वर्षी? कमाई तेवढीच ६० कोटी, पुस्तकातलं भांडवल मात्र ७०० वर आलेलं. परतावा साडेआठ टक्क्यांच्या पुढे. हीच 'सुधारणा' म्हणून मिरवली जाते तेव्हा मला चीड येते, कारण भागधारकांचे १,००० कोटी खर्च झाले ते झालेच. म्हणून परतावा काढताना राइट ऑफ केलेली रक्कम भांडवलात पुन्हा जोडत जा.

याहून अवघड प्रकार म्हणजे तोटा दिसतच नाही तो. घेतलेला व्यवसाय कंपनीच्या जुन्या, भरभराटीच्या विभागाला जोडतात आणि चाचणी दोघांची मिळून होते. कंपनीने स्वतः कमावलेला नावलौकिक पुस्तकात दाखवता येत नाही, त्यामुळे जुन्या विभागाचं खरं मूल्य पुस्तकी किमतीपेक्षा बरंच जास्त असतं. नव्याची घसरण त्या फरकात मुरून जाते. फसलेली खरेदी त्यामुळे वर्षानुवर्षं झाकलेली राहू शकते, तीही नियम न मोडता.

इंटरनेट सेवा देणारी एओएल आणि माध्यम क्षेत्रातली टाइम वॉर्नर या अमेरिकी कंपन्या २००१ मध्ये एकत्र आल्या. २००२ चा त्यांचा तोटा जवळजवळ ९९ अब्ज डॉलर होता, आणि त्यातला बहुतांश भाग गुडविल कमी केल्याचा. त्या वर्षी तेवढी रोकड बाहेर गेली नव्हती. किंमत विलीनीकरणाच्या वेळीच, शेअर देऊन, मोजून झाली होती. पुस्तकांनी ती नंतर कबूल केली. त्यामुळे इम्पेअरमेंटच्या बातमीची वाट पाहू नकोस, बातमी येईपर्यंत बाजाराला बहुधा कळलेलं असतं.

वार्षिक अहवाल हातात घेतलास की टिपांमध्ये तीन गोष्टी शोध: गुडविल कोणत्या विभागाला वाटून दिलंय, पुढच्या वाढीचा दर किती धरलाय आणि पुढची कमाई आजच्या मूल्यात आणायला वापरलेला डिस्काउंट रेट किती. मागच्या वर्षीचा अहवाल शेजारी ठेव. विक्री मंदावलेली असताना वाढीचा दर तसाच राहिला असेल, किंवा विभागांची फेरमांडणी करून गुडविल दुसरीकडे हलवलं असेल, तर तिथून पुढे सावकाश वाच. अडलं तर त्या पानासह मला लिही.

तुझा,
काका